पती-पत्नींच्या ठेवींवरील व्याज आणि आयकर

धानाची मळणी आटोपून खरेदी केंद्रावरील चुकारे खात्यांत जमा होऊ लागले, म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्यात बँकांच्या दारी गर्दी होते. कर्जाचा हप्ता, खताची उधारी आणि घरचा खर्च भागवून जे उरते ते मुदत ठेवीत ठेवण्याकडे अलीकडे शेतकऱ्यांचा कल वाढला आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. ठेव कोणाच्या नावे ठेवावी, हा प्रश्न मात्र पुष्कळ घरी पुरेसा विचार न करता सोडविला जातो. "बायकोच्या नावे ठेवा, कर लागत नाही," असा सल्ला शेजारीपाजारी सहज देतात. हा सल्ला कितपत खरा आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पीकसंरक्षणाविषयीच्या एका सभेसाठी मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी गेलो असता सभेनंतर एका शेतकरी भगिनीने आपले पासबुक पुढे केले. दहा लाख रुपयांच्या ठेवीवर वर्षाकाठी ७०,००० रुपये व्याज व्हावयाचे होते. खात्यात ६३,००० रुपयेच आले होते. "साहेब, मला कधी पगार नाही, मग माझा कर कोणी कापला?" असा तिचा सरळ प्रश्न होता. चौकशी करता कळले की, तिच्या पतीची जमीन एका प्रकल्पासाठी संपादित झाली होती, मोबदल्याची रक्कम पतीला मिळाली होती, आणि कोणाच्या तरी सल्ल्यावरून त्याने ती पत्नीच्या नावे ठेवली होती. बँकेने नियमाप्रमाणेच कपात केली होती. चूक होती ती ठेव ठेवतानाच्या विचारात. ती कशी, हे समजण्यासाठी प्रथम मूळ नियम पाहू.

दाम्पत्यास एकत्र सवलत नाही

आपल्या देशाच्या आयकर कायद्यात पती आणि पत्नी या दोन स्वतंत्र करदात्या व्यक्ती आहेत. लग्न झाले म्हणून कोणाची करमुक्त मर्यादा वाढत नाही, आणि पत्नीची न वापरलेली मर्यादा पतीस वापरता येत नाही.

पूर्वी मात्र विवाहितांस निराळी सवलत होती. १९५५ साली, जेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि भंडारा मध्य प्रदेश राज्यात होता, तेव्हा केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी अर्थसंकल्पात विवाहित व अविवाहित करदात्यांसाठी भिन्न मर्यादा घातल्या. अविवाहितास पहिले १,००० रुपये करमुक्त, तर विवाहितास २,००० रुपये. त्या दशकाच्या अखेरीस तर अपत्यांचाही हिशेब धरला जाई: विवाहितास ३,००० रुपये, एक अपत्य असल्यास ३,३०० आणि अधिक असल्यास ३,६०० रुपये. ती व्यवस्था पुढे मोडीत निघाली. त्याचप्रमाणे आर्थिक वर्ष २०११-१२ पर्यंत स्त्री करदात्यांची मर्यादा पुरुषांपेक्षा थोडी अधिक होती. पुरुषांस १,८०,००० तर स्त्रियांस १,९०,००० रुपये. २०१२-१३ पासून हा भेदही राहिला नाही. तेव्हा "बाईमाणसाला जास्त सूट असते" ही समजूत आता कालबाह्य झाली आहे.

परदेशांत निरनिराळ्या रीती आहेत. अमेरिकेत पती-पत्नींना एकत्र विवरणपत्र भरून दोघांच्या उत्पन्नावर एकत्र कर देता येतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१५ पासून, कमी उत्पन्नाच्या जोडीदारास आपल्या करमुक्त मर्यादेतील थोडा भाग दुसऱ्याच्या नावे वळविता येतो. २०२५-२६ मध्ये ही रक्कम १,२६० पौंड आहे. आपल्याकडेही २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी भारतीय सनदी लेखापाल संस्थेने एकत्र विवरणपत्राचा पर्याय द्यावा अशी सूचना केली होती. त्या अर्थसंकल्पात ती स्वीकारली गेली नाही. म्हणून आपणांस दोघांचा हिशेब वेगवेगळाच करावयाचा आहे.

शेतीचे उत्पन्न आणि शेतीच्या पैशावरील व्याज

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु धान विकून आलेला पैसा ठेवीत ठेवला आणि त्यावर व्याज मिळाले, तर ते व्याज शेतीचे उत्पन्न नव्हे. बांधीतून धान निघाले, तोवरचा संबंध जमिनीशी होता. व्याज मात्र जमिनीतून निघत नाही, ते बँकेशी केलेल्या व्यवहारातून निघते. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या बाचा गजदर यांच्या प्रसिद्ध खटल्यात हेच तत्त्व मांडले. चहाच्या मळ्याच्या कंपनीला शेतीचे उत्पन्न असले, तरी तिच्या भागधारकाला मिळणारा लाभांश हा शेतीचे उत्पन्न होत नाही, असा तो निर्णय होता. उत्पन्नाचा जमिनीशी थेट संबंध हवा. मूळ पैसा शेतीचा होता एवढे पुरत नाही.

यास्तव बचत खात्यावरील, मुदत ठेवीवरील व पतसंस्थेतील ठेवीवरील व्याज "इतर साधनांपासूनचे उत्पन्न" म्हणून हिशेबात धरावे लागते.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते हिशेबातून अगदी वगळले जाते असेही नाही. डॉ. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९७३ पासून अशी रीत आहे की, ज्याचे शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक आहे, त्याच्या इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्नही विचारात घेतले जाते. केवळ शेती व थोडे व्याज असणाऱ्या घराला याची झळ लागत नाही. नोकरी किंवा व्यापार सांभाळून शेती करणाऱ्याने मात्र ही गोष्ट ध्यानात ठेवावी. येथेही हिशेब व्यक्तीचा आहे, घराचा नव्हे. पत्नीला माहेरच्या वारशाने मिळालेल्या शेतीचे उत्पन्न पतीच्या कराचा दर ठरविताना मोजले जात नाही.

प्रत्येकाची मर्यादा किती?

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत प्रत्येक व्यक्तीस ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही. त्यापुढील ४ लाखांवर ५ टक्के, नंतरच्या ४ लाखांवर १० टक्के, त्यानंतर १५ टक्के, असे दर वाढत जातात. शिवाय एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास ६०,००० रुपयांपर्यंतच्या कराची सूट मिळून देय कर शून्य होऊ शकतो. भांडवली नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नास ही सूट लागू नाही.

जुनी प्रणाली ज्यांनी निवडली आहे, त्यांची मर्यादा साठ वर्षांखालील व्यक्तीस २,५०,०००, साठ ते ऐंशी वर्षांपर्यंत ३,००,००० आणि ऐंशी व त्यावरील वयास ५,००,००० रुपये आहे. या प्रणालीत बचत खात्यावरील व्याजातून १०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ज्येष्ठ नागरिकांस तिच्याऐवजी बचत व मुदत ठेव अशा दोन्हींवरील व्याजातून ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. पती व पत्नी दोघेही ज्येष्ठ असून दोघांचे व्याज स्वतःचे असेल, तर ही वजावट दोघांस स्वतंत्रपणे मिळते. नव्या प्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत.

या आकड्यांवरून एक गोष्ट सहज दिसते. केवळ शेती व ठेवींचे व्याज असणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांत पतीचे करपात्र उत्पन्न ४ लाखांच्या जवळपासही जात नाही. त्याच्या स्वतःच्या नावे ठेव असली तरी त्याला कर पडत नाही. जो कर मुळात पडतच नाही, तो वाचविण्यासाठी ठेवीवर दुसऱ्याचे नाव घालण्याचे प्रयोजन उरत नाही.

नाव पत्नीचे, व्याज कोणाचे?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पतीने आपला पैसा योग्य मोबदला न घेता पत्नीला दिला आणि तिने तो ठेवीत ठेवला, तर ती देणगी म्हणून पत्नीस कर पडत नाही. परंतु त्या ठेवीवरील व्याज मात्र पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते. आयकर अधिनियम, १९६१ च्या ६४ व्या कलमात ही तरतूद आहे. पत्नीने पतीला पैसा दिल्यासही हाच नियम उलट बाजूने लागू होतो. उत्पन्न कागदोपत्री वाटून कर चुकविला जाऊ नये, असा त्यामागील हेतू आहे.

या नियमाच्या दोन मर्यादा समजून घ्याव्यात. पहिली अशी की, दिलेल्या रकमेवरील व्याज पतीचे, परंतु त्या व्याजावर पुढे मिळणारे व्याज पत्नीचे. समजा, पतीने दिलेल्या ८ लाख रुपयांवर ७ टक्के दराने पहिल्या वर्षी ५६,००० रुपये व्याज मिळाले. ते पतीच्या हिशेबात जाईल. पत्नीने हे ५६,००० रुपये पुन्हा ठेवीत ठेवले आणि त्यांवर पुढील वर्षी ३,९२० रुपये मिळाले, तर ते ३,९२० रुपये पत्नीचे स्वतःचे उत्पन्न होय. म्हणून मूळ ठेव आणि व्याजाची ठेव वेगळी ठेवल्यास हिशेब सोपा जातो.

दुसरी मर्यादा अशी की, पत्नीच्या स्वतःच्या कमाईस किंवा स्वतःच्या धनास हा नियम लागू नाही. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

करकपात आणि घोषणापत्र

मुदत ठेवीवरील व्याज देतानाच बँक जी कपात करते, तिला आपण टीडीएस म्हणतो. १ एप्रिल २०२५ पासूनचा नियम असा की, एका बँकेकडून वर्षभरात मिळणारे व्याज ५०,००० रुपयांहून अधिक होत असल्यास, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत १,००,००० रुपयांहून अधिक होत असल्यास, संपूर्ण व्याजावर १० टक्के कपात होते. पॅन क्रमांक दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्याने तो निष्क्रिय झाला असेल, तर कपात २० टक्के होते. बचत खात्यावरील व्याजातून कपात होत नाही.

कपात म्हणजे अंतिम कर नव्हे. ती कराची आगाऊ वसुली होय. कर देय नसेल तर विवरणपत्र भरून ती परत मिळते. उलटपक्षी कपात झाली नाही म्हणजे कर माफ झाला असेही नाही. पतसंस्था आपल्या सभासदांच्या व्याजातून पुष्कळदा कपात करीत नाहीत. तरीही ते व्याज हिशेबात दाखवावेच लागते.

ज्यांना कर लागणारच नाही त्यांनी कपात होऊ नये म्हणून बँकेत घोषणापत्र देण्याची सोय आहे. साठ वर्षांखालील व्यक्तींसाठी पंधरा-जी आणि साठ व त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठी पंधरा-एच हे नमुने १९६१ च्या अधिनियमाखाली परिचित आहेत. पंधरा-जी देण्यासाठी दोन अटी आहेत: वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावरील कर शून्य असावा, आणि व्याजादी उत्पन्नाची एकूण रक्कम मूळ करमुक्त मर्यादेहून अधिक नसावी. पंधरा-एच साठी केवळ पहिली अट आहे. घोषणापत्र दर आर्थिक वर्षाच्या आरंभी, म्हणजे एप्रिलमध्ये, आणि जितक्या बँकांत ठेवी असतील तितक्या प्रत्येक बँकेत द्यावे लागते.

आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्या अधिनियमात कलमांचे क्रमांक नवे आहेत, आणि आकारणी वर्षाच्या जागी "कर वर्ष" ही संज्ञा आली आहे. म्हणून बँकेत नमुन्याचा क्रमांक सांगण्यापेक्षा "व्याजातून करकपात न करण्याविषयीचे घोषणापत्र" अशी मागणी करावी, म्हणजे चुकीचा कागद हाती येणार नाही.

या घोषणापत्रावर पुष्कळजण न वाचता सही किंवा अंगठा करतात. त्यात एक वाक्य असे असते की, या कागदात दाखविलेले उत्पन्न कलम ६० ते ६४ अन्वये अन्य कोणाच्याही उत्पन्नात मिळविले जाणारे नाही. पतीने दिलेल्या पैशाची ठेव असेल, तर पत्नीने या वाक्याखाली केलेली सही असत्य ठरते. खोट्या कथनाबद्दल १९६१ च्या अधिनियमात तुरुंगवासाची व दंडाची तरतूद आहे. घरातील जो निर्णय पतीने घेतला, त्याच्या खोट्या कागदावर सही मात्र पत्नीची असते. विशेषतः ज्या भगिनींना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्याकडून असा अंगठा घेणे हा त्यांच्यावर अन्यायच होय.

सभेतील प्रश्नाचे उत्तर

आरंभी सांगितलेल्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. संपादनाच्या मोबदल्यावर कर नव्हता. ठेव पतीच्या नावे ठेवली असती, तर व्याज ७०,००० रुपये झाले असते. पतीचे वय साठच्या आत आणि शेतीवाचून अन्य उत्पन्न नाही. म्हणजे कर शून्य, आणि व्याज ४ लाखांच्या मर्यादेत. त्याने एप्रिलमध्ये खरे घोषणापत्र दिले असते, तर एक रुपयाही कापला गेला नसता.

ठेव पत्नीच्या नावे ठेवल्याने ती ते घोषणापत्र खरेपणाने देऊ शकत नव्हती. म्हणून ७,००० रुपये कापले गेले. आता ते परत मिळविण्यासाठी पत्नीने बँकेस असे लेखी कळवावयाचे की, हे व्याज कायद्याने पतीच्या उत्पन्नात जाते, सबब कपातीची नोंद पतीच्या पॅन क्रमांकावर करावी. तशी नोंद झाल्यावर पतीने विवरणपत्र भरून परतावा मागावयाचा. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असल्यास "सहज" हा सोपा नमुना चालत नाही. दुसऱ्या क्रमांकाचा नमुना भरावा लागतो. विवरणपत्राची मुदत अशा करदात्यांस सामान्यतः ३१ जुलैपर्यंत असते. कर वाचविण्यासाठी केलेल्या युक्तीमुळे त्या घराला कर नसताना कपात सोसावी लागली आणि कागदपत्रांची यातायात वाट्यास आली.

नोकरदार पतीचे उदाहरण

दुसरे उदाहरण शिक्षक पती व गृहिणी पत्नी असलेल्या घराचे घेऊ. शेती वडिलांच्या नावे आहे. प्रमाणित वजावट जाऊन पतीचे करपात्र वेतन २०२५-२६ मध्ये ११,६०,००० रुपये आहे. १२ लाखांच्या आत असल्याने त्याला कर नाही. त्याने आपल्या बचतीतील ८ लाख रुपये पत्नीच्या नावे ७ टक्क्यांनी ठेवले आहेत. व्याज ५६,००० रुपये. "हे पत्नीचे उत्पन्न" असे तो समजतो.

कायद्याप्रमाणे हे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवावयाचे. बेरीज १२,१६,००० रुपये होते. दरांप्रमाणे कर ६२,४०० रुपये येतो. परंतु १२ लाखांच्या किंचित वर गेलेल्यांसाठी असलेल्या सीमान्त सवलतीमुळे कर, मर्यादेवरील रकमेइतका, म्हणजे १६,००० रुपये होतो. त्यावर ४ टक्के उपकर ६४० रुपये. एकूण १६,६४० रुपये. बँकेने पत्नीच्या नावे कापलेले ५,६०० रुपये, नोंद पतीकडे वळविल्यास, त्यातून वजा होतील.

हेच ८ लाख पत्नीला तिच्या वडिलांकडून मिळालेले असते, तर व्याज तिचे स्वतःचे झाले असते, तिचा कर शून्य राहिला असता, आणि पतीच्या ११,६०,००० रुपयांस धक्का लागला नसता. रक्कम तीच, बँक तीच, खात्यावरील नावही तेच. परंतु पैसा कोणाकडून आला एवढ्यावर १६,६४० रुपयांचा फरक पडला. आता बँकांकडून व्याजाची माहिती आयकर विभागाकडे थेट जाते, तेव्हा असे व्याज नजरेआड राहील या भरवशावर कोणी राहू नये.

अशा घराने करमुक्त व्याजाच्या साधनांचा विचार करावा. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतील व्याज करमुक्त आहे. पतीने पत्नीच्या त्या खात्यात पैसे भरले तरी मिळणारे व्याज मुळातच करमुक्त असल्याने ते मिळविण्याचा प्रश्न बाधत नाही. मुलीच्या नावे असलेल्या सुकन्या समृद्धी खात्याचे व्याजही करमुक्त आहे. महिला सन्मान बचत पत्रे ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे की, त्यांचे व्याज करपात्र आहे.

संयुक्त खाते व टपाल कार्यालय

पती-पत्नींचे संयुक्त खाते असल्यास बँक कपात प्रथम खातेदाराच्या नावे करते. परंतु व्याज खरोखर कोणाचे, हे पैसा कोणी भरला यावरच ठरते. दोघांनी निम्मे-निम्मे भरले असल्यास व्याजही निम्मे-निम्मे. पैसा ज्याचा अधिक, त्याचे नाव पहिले घातल्यास पुढील घोटाळा टळतो. दुसरे नाव घालण्याचा लाभ निराळा आहे: एकाच्या पश्चात दुसऱ्यास पैसे काढणे सुलभ होते. वारसाची नोंदही अवश्य करावी.

पोस्टाच्या साध्या बचत खात्यावर एक जुनी सवलत आहे. एकट्याच्या खात्यावरील ३,५०० रुपयांपर्यंतचे आणि संयुक्त खात्यावरील ७,००० रुपयांपर्यंतचे व्याज करमुक्त असते. संयुक्त खात्यास दुप्पट सवलत मिळण्याचे हे एक उदाहरण होय. ही सवलत पोस्टाच्या मुदत ठेवीस लागू नाही.

पत्नीचे स्वतःचे धन

आतापर्यंतचे विवेचन वाचून कोणी असा अर्थ काढू नये की, पत्नीच्या नावे ठेव ठेवूच नये. तसे नाही. पत्नीचा जो पैसा खरोखर तिचा आहे, तो तिच्याच नावे असावा, हेच या नियमाचे दुसरे अंग आहे.

आपल्या जिल्ह्यात रोवणी स्त्रियांच्याच हातची. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणे, मोहफुले वेचणे, गाईम्हशींचे दूध, परसातील कोंबड्या, बचत गटाचा उद्योग, रोजगार हमीची मजुरी, यांतून त्या कमावतात. ही कमाई त्यांची स्वतःची आहे. लग्नात माहेराहून मिळालेले स्त्रीधन त्यांचे आहे. वारसाहक्काने आलेली जमीन त्यांची आहे. हिंदू मुलींस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ च्या सुधारणेने आणि संपूर्ण देशात २००५ च्या सुधारणेने दिला. या सर्वांवरील व्याज पत्नीच्याच हिशेबात जाते, आणि त्यासाठी ४ लाखांची मर्यादा तिची स्वतंत्र आहे. त्याबद्दलचे घोषणापत्र ती निःशंकपणे देऊ शकते.

अडचण येते ती पुराव्याची. पत्नीच्या दुधाचे पैसे पतीच्या खात्यात जमा होतात, मजुरीची रोकड घरखर्चात मिसळते, आणि काही वर्षांनी तिचा पैसा कोणता व त्याचा कोणता हे सांगता येत नाही. मग कर अधिकाऱ्यासमोरच नव्हे, तर घरातील वाटणीच्या किंवा वैधव्याच्या प्रसंगीही तिची बाजू दुबळी पडते. म्हणून स्त्रीची कमाई प्रथमपासून तिच्या स्वतंत्र बचत खात्यात जमा करावी. बचत गटाचे पासबुक, दूध संकलनाच्या पावत्या, तेंदूपत्त्याचे कार्ड, माहेरच्या देणगीचे साधे पत्र आणि तिचे नाव असलेला सातबारा, ही कागदे एका पिशवीत जपून ठेवावीत. तिच्या नावे ठेव करावयाची ती याच खात्यातून.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. पती व पत्नी स्वतंत्र करदाते आहेत. विवाहामुळे कोणाची मर्यादा वाढत नाही.

२. धानाचा पैसा करमुक्त असला तरी त्यावरील व्याज करमुक्त नाही.

३. पैसा ज्याचा, व्याज त्याचे. खात्यावरील नाव बदलल्याने हा नियम बदलत नाही.

४. कर लागणार नसेल तर एप्रिलमध्येच घोषणापत्र द्यावे. परंतु ते ज्याच्या पैशाची ठेव आहे त्यानेच द्यावे.

५. कोणत्याही कागदावर सही वा अंगठा करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा किंवा वाचून दाखविण्यास सांगावे.

६. पॅन क्रमांक आधारशी जोडलेला असल्याची खात्री करावी.

७. मर्यादा व दर प्रतिवर्षी अर्थसंकल्पाने बदलू शकतात. मोठ्या रकमेच्या व्यवहारापूर्वी जाणकार कर सल्लागाराचे मत घ्यावे.

त्या भगिनीच्या घरी पुढे दोन ठेवी झाल्या. मुदत संपताच मोबदल्याची रक्कम पतीच्या नावे गेली आणि त्याने स्वतः घोषणापत्र दिले. दुसरी ठेव लहान होती. दोन उन्हाळ्यांचा तेंदूपत्ता आणि दुधाचे उरलेले पैसे मिळून झालेली ती ठेव तिच्या एकटीच्या नावे आहे. तिचे व्याज थोडे असले तरी ते सर्वस्वी तिचे आहे, आणि ते कोणाचे, असे कोणी विचारल्यास दाखवावयास तिच्याजवळ कागद आहे.